परमुलुखीचे नाणे आणि घरची वही

दरवर्षी आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात परदेशी निघालेल्या तरुणांचा सत्कार होतो. श्रीफळ, हार आणि आशीर्वाद दिले जातात. कोणी तेथील थंडीविषयी सांगतो, कोणी शुद्ध आहाराच्या अडचणीविषयी सावध करतो, कोणी मातापित्यांस विसरू नकोस असे बजावतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु व्यापाऱ्यांच्या सभेत जो प्रश्न सर्वांआधी विचारला जावयास हवा, तो कोणीही विचारीत नाही. 'बाबा रे, तू ज्या देशी चालला आहेस तेथील नाण्याची तुला कितपत ओळख आहे?' हाच तो प्रश्न. आमचे मत असे की, परमुलुखी जाणाऱ्याने तेथील भाषा एक वेळ सावकाश शिकली तरी चालेल, पण तेथील नाणे पहिल्या दिवशी शिकले पाहिजे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, मागे राहिलेल्या घरच्या मंडळींनीही ते शिकले पाहिजे.

खेरडी-सिल्वासाच्या परिसरात राहणाऱ्या आपणांस हा विषय परका वाटू नये. आपला हा मुलूखच एके काळी 'परदेश' होता. १७७९ साली पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला, त्यानुसार १७८३ साली नगर हवेलीचा महसूल पोर्तुगिजांकडे गेला आणि १७८५ साली दादरा त्यांच्या हाती आले. तेव्हापासून १९५४ पर्यंत येथे पोर्तुगीज अंमल होता. वापीच्या आगगाडीच्या स्थानकावरून निघून काही कोस चालले की राज्य बदले, कायदा बदले आणि नाणेही बदले. पलीकडे इंग्रजी रुपया, त्याचे सोळा आणे. अलीकडे पोर्तुगीज 'रुपिया', त्याचे सोळा टांगे, आणि एका टांग्याचे साठ रेइस. ऐकावयास नावे जवळची आणि हिशेबही सोळाचाच, पण छाप वेगळा, नोट काढणारी पेढी वेगळी आणि सत्ताही वेगळी. ज्याला दोन्हींकडे माल घ्यावयाचा व द्यावयाचा आहे, त्याला दोन्ही नाणी ओळखल्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढे १९५८-५९ च्या सुमारास पोर्तुगिजांनी रुपिया बंद करून एका रुपियास सहा एस्कुडो या दराने नवे नाणे आणले. २ ऑगस्ट १९५४ रोजीच सिल्वासा मुक्त झाले असल्यामुळे तो एस्कुडो आपल्याकडे आला नाही. दमणच्या लोकांना मात्र रुपिया, मग एस्कुडो आणि १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय रुपया अशी तीन नाणी थोड्याच वर्षांत हाताळावी लागली. घर तेच, दुकान तेच, गिऱ्हाईकही तेच, आणि हिशेबाची वही मात्र तीनदा नव्याने मांडावयाची! परदेशगमन न करताही परदेशी नाण्याचा अनुभव घडतो तो असा.

स्वदेशातही असा प्रसंग आला होता. १ एप्रिल १९५७ रोजी आपला रुपया दशमान झाला. पूर्वी सोळा आणे किंवा चौसष्ट पैसे असलेला रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण सव्वा पैशाचे नाणे कोठून आणावयाचे? म्हणून एका आण्याचे ६ नवे पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ असे कोष्टक झाले. आता पाहा. एका आण्याची वस्तू चार वेळा वेगवेगळी घेतली तर २४ नवे पैसे पडत, आणि चारही वस्तू एकदम घेतल्या तर २५. हा एक पैसा कोणाच्या गल्ल्यात जावयाचा, हे कोष्टक जाणणारा ठरवीत असे. न जाणणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नसे. नाण्याच्या अज्ञानाची किंमत बहुधा अशीच थेंबाथेंबाने द्यावी लागते.

आपला रुपयाही परदेशी नांदून आलेला आहे. जामनगरकडील ओशवाळ बंधू पूर्व आफ्रिकेत गेले तेव्हा तेथे रुपयाच चालत असे. महायुद्धापूर्वी त्याचा दर इंग्रजी सोळा पेन्स होता. १९२० साली तो चोवीस पेन्सांवर ठरविण्यात आला, लगोलग रुपया जाऊन फ्लोरिन आला आणि मग शिलिंग आले. ज्याचे येणे रुपयांत होते त्याचे इंग्रजी मोलाने दीडपट झाले, आणि ज्याचे देणे रुपयांत होते त्याचेही दीडपट झाले. कर्ज कोणत्या नाण्यात आहे आणि कमाई कोणत्या नाण्यात आहे, हा प्रश्न किती गंभीर असू शकतो याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

अरबी आखातातही रुपयाच चाले. सोन्याच्या चोरट्या व्यापाराने आपली परकीय गंगाजळी आटू लागली, तेव्हा १९५९ साली रिझर्व्ह बँकेने केवळ तेथे चालण्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये आपला दिनार केला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला आणि उरलेल्या संस्थानांनीही हळूहळू रुपयाशी काडीमोड घेतला. आज ओमानच्या रियालाचा सुटा भाग 'बैसा' म्हणून ओळखला जातो. तो आपल्या पैशाचाच दूरचा भाऊबंद होय.

इतिहास एवढा पुरे. आजच्या व्यवहारात तरुणांनी काय ध्यानी घ्यावे, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, नावावर जाऊ नये. रुपया नेपाळातही आहे, श्रीलंकेतही आहे आणि मॉरिशसमध्येही आहे, पण प्रत्येकाचे मोल निराळे. नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्या एका रुपयास एक रुपया साठ पैसे या दराने बांधलेला आहे. डॉलर म्हटला की तो अमेरिकेचाच असे नव्हे. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग येथेही डॉलरच आहेत. नोकरीचे पत्र हाती आले की आकड्याआधी नाण्याचे पूर्ण नाव वाचावे.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. कुवेत, बहारीन आणि ओमान येथे मूळ नाण्याचे शंभर नव्हे, तर हजार भाग होतात. म्हणून मस्कतच्या दुकानात १.२५० असे लिहिलेले असेल तर तो सव्वा रियाल. जर्मनीसारख्या देशात मात्र हजाराच्या जागी टिंब आणि अपूर्णांकाच्या जागी स्वल्पविराम देण्याची रीत असल्यामुळे तेच १.२५० म्हणजे साडेबाराशे युरो! अक्षरे तीच, टिंबही तेच, आणि अंतर हजारपट. आपले लाख-कोटीही तेथे कोणी ओळखीत नाही. दहा लाखांचा एक दशलक्ष अर्थात 'मिलियन' धरून बोलण्याची सवय करावी लागते.

तिसरी गोष्ट, हुंडणावळीची. दुबईचा दिरहॅम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने आणि सौदी रियाल १९८६ पासून ३.७५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे डॉलरच्या तुलनेत आपला रुपया उतरला की दिरहॅमही महागलेला दिसतो. तेव्हा घरी पेढे वाटण्याचे कारण नाही. मुलाचा पगार वाढलेला नसतो, आपले माप आखूड झालेले असते. नाणे बदलून घेताना घेण्याचा भाव वेगळा आणि देण्याचा वेगळा असतो. मधली तफावत ही त्या पेढीची आडत होय. 'आमचे कमिशन शून्य' अशी पाटी जेथे असेल, तेथे ही तफावत आधी पाहावी. बाजारात फुकट तोलाई कोणी करीत नाही, हे आपणांस सांगावयास नको. तसेच परदेशी दुकानात कार्डाने पैसे देताना यंत्र विचारते, 'रुपयांत द्यावयाचे की येथल्या नाण्यात?' रुपया दिसला की मन तिकडे ओढ घेते. परंतु तेथे रुपयाचा दर त्या दुकानाच्या पेढीचा असतो आणि तो सामान्यतः महाग पडतो. स्थानिक नाणेच निवडावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो तरुणांपेक्षा आपणां वडीलधाऱ्यांना उद्देशून आहे. परदेशी पगाराचा आकडा कळताच घरी गुणाकार सुरू होतो. ही गुणाकाराची सवय फार घातक आहे. धान्याचा व्यापारी दूरच्या बाजारातील भाव ऐकून लगेच नफा मोजीत नाही. तो भाडे, हमाली, तोलाई, आडत, बारदान आणि घट वजा घालतो आणि मगच बोलतो. मग मुलाच्या पगाराबाबत हीच बुद्धी कोठे जाते? तेथील घरभाडे, विमा, प्रवास, वीज आणि जेथे असेल तेथे प्राप्तिकर वजा घातल्यावाचून तो आकडा म्हणजे भुशासकटचे वजन होय.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे उदाहरण देतो. मुलगा आखातात नोकरीस लागला. घरच्यांनी पगारास दराने गुणले, त्या आकड्याच्या भरवशावर घराचा मजला चढविला आणि बहिणीच्या विवाहाचा खर्च वाढवून कर्ज काढले. मुलाने संकोचाने दोन वर्षे काही सांगितले नाही. भाड्याच्या खोलीत सहा जणांत राहून, एक वेळचे जेवण टाळून तो हप्ते पाठवीत राहिला. तो आजारी पडला तेव्हा घरी सत्य कळले. मुलाने लबाडी केली नव्हती आणि आईबापही लोभी नव्हते. चूक केवळ त्या गुणाकाराची होती. बाजारात त्याच्याविषयी 'मोठा पगारदार' असे बोलले जाई, आणि ही कीर्तीच त्याला महाग पडली.

यावर आमचा उपाय सोपा आहे. पगार रुपयांत मोजू नये, धान्यात मोजावा. एका माणसाच्या महिन्याच्या तांदूळ, डाळ, तेल, दूध व भाजीस तेथे किती तासांचे काम करावे लागते आणि एका खोलीस किती दिवसांचे, हे मुलाने पहिल्या महिन्यातच लिहून पाठवावे. तोच हिशेब आपण येथला मांडावा. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की खरी शिल्लक दिसते. घरी पाठविण्याची रक्कम त्या शिलकेतूनच ठरावी, आणि घरचे कर्ज परदेशी कमाईच्या भरवशावर शक्यतो काढू नये.

कायद्याचेही भान हवे. परदेशी वास्तव्यास गेलेल्याने येथले नेहमीचे बचत खाते तसेच चालवू नये; ते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. परदेशातील कमाई ठेवावयाचे खाते निराळे आणि येथील भाडे-व्याज जमा होण्याचे निराळे असते. जाताना नक्त भारतीय नोटा पंचवीस हजार रुपयांपर्यंतच नेता येतात. हे नियम बँकेत विचारून घेण्यास कमीपणा मानू नये.

आणि शेवटी एक नाजूक गोष्ट. पैसे चोरवाटेने पाठविल्यास दोन पैसे अधिक मिळतात, असे सांगणारे लोक सर्वत्र भेटतात. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले, त्यांत खोटे माप आणि नकली मालाची भेसळ यांबरोबर 'विरुद्धराज्यातिक्रम' हाही मोजला आहे. राज्याचे नियम ओलांडून केलेला व्यवहार तो हाच. त्यांना परराज्यात व्यापार करणारा श्रावक ठाऊक होता आणि त्याचा मोहही ठाऊक होता. सरळ मार्गाने आलेल्या पैशाची पावती असते. अडचणीच्या दिवशी ती पावतीच उपयोगी पडते. चोरवाटेने आलेला पैसा मध्येच बुडाला तर फिर्याद तरी कोणाकडे करणार?

म्हणून मंडळापुढे आम्ही दोन सूचना ठेवीत आहोत. पहिली अशी की, सत्काराच्या आदल्या दिवशी परदेशी निघालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या मातापित्यांसाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी, आणि त्या त्या देशी राहून आलेल्या सभासदाने नाणे, भाडे व बाजार यांची माहिती द्यावी. दुसरी अशी की, मंडळाच्या कचेरीत एक वही ठेवावी. तीत परत आलेल्या प्रत्येकाने आपल्या पहिल्या महिन्याचा खर्च तेथील नाण्यात, सालासह लिहावा. तीत कोणाचा पगार लिहू नये. केवळ खर्च लिहावा. दोन्ही कामांस पैसा लागत नाही. कार्यकारी मंडळाने पुढील संमेलनापूर्वी यांचा विचार करावा, एवढीच नम्र विनंती.