रिमॅपनंतर ‘२२ बीएचपी वाढले’, पण मोजले कुठून?

फोर्डची मस्टँग एसव्हीटी कोब्रा १९९९ मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा कंपनीचा दावा ३२० हॉर्सपॉवरचा होता. काही मालकांनी गाडी डायनोवर चढवली आणि आकडा जुळेना. ऑगस्टमध्ये फोर्डला विक्री थांबवावी लागली. विकलेल्या गाड्या परत बोलावून इनटेक मॅनिफोल्ड आणि एक्झॉस्ट बदलून द्यावे लागले, ईसीयूचे प्रोग्रॅमिंगही सुधारावे लागले. पुढे माझदालाही २००१ च्या मियाटाचा १५५ चा आकडा १४२ वर आणावा लागला.

कंपन्यांना जाब विचारणारे हेच यंत्र ट्यूनिंगच्या धंद्यात मात्र जाहिरातीचे साधन बनले आहे. रिमॅप, एक्झॉस्ट, इनटेक यांवर हजारो रुपये घालणाऱ्याच्या हाती शेवटी एक कागद पडतो आणि त्यावर एक गुबगुबीत आकडा असतो.

मुळात डायनो ‘घोडे’ मोजतच नाही. रोलरवरचा टॉर्क आणि वेग मोजून तो शक्तीचे गणित करतो. न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ९,५४९ म्हणजे किलोवॅट. २५० न्यूटन-मीटर, ५,५०० आरपीएमला १४४ किलोवॅट. हेच बीएचपीत १९३ आणि पीएसमध्ये १९६. नुसत्या एककात तीन घोडे वाढले!

खरी गंमत पुढे आहे. रोलरवर चाकांपर्यंत पोहोचलेली शक्ती कळते, ब्रोशरमध्ये इंजिनची असते. समजा, ट्यूनिंगनंतर चाकांवर १८० बीएचपी मिळाले. गिअरबॉक्स, टायर वगैरेत १५ टक्के वाया जातात असे धरले, की इंजिनची शक्ती २१२ होते. ब्रोशरमध्ये १९० असेल तर २२ ची वाढ. तोटा १२ टक्के धरला तर मात्र इंजिनची शक्ती २०५ आणि वाढ १५ वर येते. एक नटही न फिरवता फायदा तिसऱ्या हिश्श्याने घटला. शिवाय ट्यूनिंगआधी ती गाडी खरेच १९० देत होती का, हे कोणी मोजलेलेच नसते.

हवामानाचा हिशेबही तितकाच निसरडा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणजे तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी. साध्या इंजिनची शक्ती त्यामुळे खरोखर घटते आणि सॉफ्टवेअर ती ‘करेक्शन’ने भरून काढते. टर्बो इंजिन मात्र ही तूट बऱ्याच अंशी स्वतःच भरते. त्यावर पुन्हा तेच करेक्शन लावले, तर फुकटची शक्ती छापून येते. करेक्शनच्या जुन्या ‘एसटीडी’ आणि आताच्या ‘एसएई’ पद्धतींतच सुमारे चार टक्क्यांचा फरक पडतो.

त्यात इंजिन तापले, पंखा कमी पडला, टायरमधली हवा किंवा पट्ट्यांचा ताण बदलला, तरी दोन रनमध्ये एक-दोन टक्के इकडेतिकडे होतात. एअर फिल्टरने ‘तीन बीएचपी’ वाढल्याचे सांगणाऱ्या आलेखाला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

ट्यूनिंगने काही होत नाही, असे अजिबात नाही. टर्बो गाडीत बूस्ट वाढवला की फरक जाणवतो आणि मोजताही येतो. पण तो त्याच डायनोवर, त्याच दिवशी, त्याच गिअरमध्ये, आधी आणि नंतर किमान तीन-तीन रन घेऊन मोजावा. आकडा चाकांवरचा मागावा आणि पूर्ण आलेख घ्यावा. त्यावर करेक्शनची पद्धत छापलेली हवी. ६,५०० आरपीएमचा उंच शेंडा शहरात क्वचितच वापरला जातो. २,००० ते ४,००० मधला टॉर्क रोज लागतो. ‘आधीची रन कशाला, वेळ जातो’ म्हणणाऱ्या दुकानातून गाडी बाहेर काढलेली बरी.

वाढलेला टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्सला सोसावा लागतो. काही बिघडले, तर सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरला बदललेले सॉफ्टवेअर अनेकदा दिसते आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर अपघातानंतर दाव्यावरही वाद होऊ शकतो. अशा वेळी डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवलेला तो डायनोचा कागद मालकाच्याच विरोधात पुरावा ठरतो, त्यावरचा आकडा खरा असो वा फुगवलेला.