बीटा टाकू की थांबू?

दरवर्षी जूनमध्ये अ‍ॅपलची डब्ल्यूडब्ल्यूडीसी परिषद झाली, की कट्ट्यावर एक प्रश्न ठरलेला: 'काय रे, बीटा टाकलास का?' सप्टेंबरमध्ये सगळ्यांना मिळणारं आयओएस आपल्या फोनवर तीन महिने आधीच दिसतंय म्हटल्यावर भाव खायला मिळतोच. पण टाकावा का?

पूर्वी हा प्रश्न फारसा पडायचाच नाही. डेव्हलपर बीटा हवा तर वर्षाला 99 डॉलर मोजावे लागायचे. 2023मध्ये आयओएस 17पासून तो कुठल्याही अ‍ॅपल आयडीवर फुकट मिळू लागला. त्यापेक्षा थोडा स्थिरावलेला पब्लिक बीटा साधारण जुलैत येतो. पिक्सेल फोनवर अँड्रॉइडचा बीटाही मोफतच आहे. थोडक्यात, आत शिरणं सोपं झालंय. बाहेर पडणं मात्र तितकं सोपं नाही.

आयफोनवर जुन्या व्हर्जनला परत यायचं तर फोन पूर्ण पुसावा लागतो. त्यात बीटावर असताना घेतलेला बॅकअप जुन्या व्हर्जनवर चढत नाही. पिक्सेलवरही बीटा मध्येच सोडला तर डेटा जातो. फायनल अपडेट येईपर्यंत थांबलात तर वाचतो.

आपल्यापैकी बहुतेकांकडे फोन एकच. यूपीआय त्यावरच, ओटीपी त्यावरच, हॉल तिकिटाची पीडीएफ आणि नोट्सही त्यावरच. बँकेचं अ‍ॅप नव्या सिस्टिमसाठी तयार नसेल, तर ते ऐन वेळी उघडणार नाही. म्हणूनच बीटा रोजच्या वापराच्या फोनवर टाकू नका, असं खुद्द अ‍ॅपलच सांगते.

मग बीटा कुणी वापरूच नये का? तसंही नाही. 2018चं उदाहरण बघा. 2 ऑक्टोबरला आलेलं विंडोज 10चं अपडेट काहींच्या फायलीच उडवत होतं. मायक्रोसॉफ्टला ते चार दिवसांत थांबवावं लागलं आणि दुरुस्त होऊन यायला 13 नोव्हेंबर उजाडला. गंमत म्हणजे बीटा तपासणाऱ्या 'इन्सायडर' मंडळींपैकी काहींनी ही तक्रार आधीच नोंदवली होती, पण बाकीच्या तक्रारींच्या ढिगात ती दबून गेली. पुढे कंपनीने तक्रार किती गंभीर आहे, हे सांगायची सोय दिली.

यातून दोन गोष्टी कळतात. बीटा हा नव्या फीचर्सचा 'फर्स्ट डे फर्स्ट शो' नाही, ती चाचणी आहे आणि चाचणी करणारे आपण आहोत, तेही बिनपगारी. चूक सापडल्यावर ती नीट लिहून कळवणार असाल, तरच त्याला अर्थ. दुसरं, फायनल व्हर्जनही निर्दोष असेलच असं नाही. तेही पहिल्याच दिवशी टाकायची घाई कशाला?

घरात जुना, रिकामा पडलेला फोन असेल तर त्यावर खुशाल टाका. आधी कॉम्प्युटरवर बॅकअप घेऊन तो वेगळा जपून ठेवा. एकच फोन असेल आणि परीक्षा तोंडावर असेल, तर सरळ थांबा. सप्टेंबर काही फार लांब नसतो.