शेजाऱ्याचा भराव आणि आपला हप्ता

विमा म्हटला की आपल्याला एजंट आठवतो आणि पूर म्हटला की तलाठ्याचा पंचनामा. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असू शकेल, हे आपल्याकडे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अमेरिकेत मात्र १९९० पासून असा संबंध जोडणारी एक योजना चालू आहे. अर्थशास्त्राच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी तिच्याकडे लक्ष द्यावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

खाजगी विमा कंपन्या पुराचा धोका पत्करीनात, म्हणून तेथील संघराज्य सरकारने १९६८ साली पूरविम्याचा कायदा केला. अट अशी, की ज्या गावातील लोकांना हा विमा हवा असेल त्या गावाने नदीकाठच्या बांधकामाला काही किमान नियम लावले पाहिजेत. १९९० साली त्याला ‘कम्युनिटी रेटिंग सिस्टिम’ची जोड मिळाली. किमान नियमांपेक्षा जे गाव अधिक काही करील त्याला गुण द्यायचे आणि गुणांप्रमाणे दहांपैकी एका वर्गात बसवायचे. दहाव्या वर्गाला सूट नाही. तेथून एकेक वर्ग वर चढावे तशी गावातील विमेदारांच्या हप्त्यात पाच-पाच टक्के सूट वाढत जाते, ती पहिल्या वर्गात ४५ टक्क्यांवर पोचते. नाले साफ ठेवणे, पुराच्या पट्ट्यातील मोकळी जमीन मोकळीच राखणे, घराचे जोते नियमाहूनही उंच घ्यायला लावणे, नकाशे लोकांना दाखविणे, धोक्याची सूचना वेळेवर देणे, वारंवार बुडणारी घरे विकत घेऊन पाडणे, या साऱ्यांना गुण आहेत.

यातील खरी खुबी मला अशी वाटते, की प्रतवारी एकेका घराची होत नाही, सबंध गावाची होते. नाल्यात भराव घालून कोणी खोली वाढविली, तर त्याचा भुर्दंड गल्लीतल्या सगळ्यांना पडू शकतो. ‘त्याची जागा, तो बघून घेईल’ ही आपली आवडती भाषा तेथे चालत नाही.

ओक्लाहोमा राज्यातील तल्सा शहराचे उदाहरण घ्या. १९७४ व १९७६ साली पूर येऊन गेले होते, तरी ओढ्याकाठी घरे उठतच होती. १९८४ च्या मे महिन्यात एका रात्रीच्या पावसाने १४ माणसे दगावली. पाणी ओसरताच शहराने बुडालेल्या भागात पुनर्बांधणीला मनाई केली आणि तीनशेहून अधिक घरे विकत घेतली. आजवर पुराच्या पट्ट्यातून सुमारे हजार इमारती हलविल्या गेल्या आहेत. पावसाचे पाणी धरून ठेवण्यासाठी तळी खोदली. कोरड्या दिवसांत त्यांतल्या काहींत मुले फुटबॉल खेळतात. (आपल्याकडे तळे बुजवून क्रीडांगण करण्याची रीत आहे!) या कामासाठी प्रत्येक घराच्या पाण्याच्या बिलात दरमहा आकार लावला जातो. तो काही लोकांनी आनंदाने स्वीकारला असेल असे नाही. पण हे शहर आज पहिल्या वर्गात आहे.

दुसरी बाजूही पाहावी. २०२२ च्या ‘इयान’ वादळानंतर फ्लोरिडातील ली परगण्यात पुष्कळ दुरुस्त्या परवान्याविना झाल्या. २०२४ साली तेथील गावांना कळविण्यात आले, की तुमची २५ टक्के सूट काढून घेत आहोत. मोठा गहजब झाला. कागदपत्रे सादर केल्यावर बहुतेकांची सूट टिकली. फोर्ट मायर्स बीच या गावाची मात्र गेली. नियम पाळून घर बांधणाऱ्यालाही वाढीव हप्ता पडला. हा अन्याय आहे काय? काही अंशी आहे. पण अशी झळ बसल्याखेरीज नगरपालिकेच्या सभेत उठून प्रश्न विचारायला कोण जातो?

योजना निर्दोष नाही. बावीस हजारांवर गावांत पूरविमा मिळतो, त्यांपैकी दीड हजाराच्या आसपास गावेच या प्रतवारीत उतरली आहेत. गुणांसाठी कागदांचा ढीग लागतो, आणि इंजिनिअर पदरी असलेली मोठी गावेच तो रचू शकतात. ज्याच्याकडे विमाच नाही अशा गरिबाला सूट कशातून मिळणार? शिवाय मूळ विमा योजनेवर वीस अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज आहे.

तेव्हा ती जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही. आपल्याकडे घरांचा विमा उतरविणारेच थोडे. पंतप्रधान पीक विमा योजनेत खरीप धान्यासाठी शेतकऱ्याचा हप्ता दोन टक्क्यांवर जात नाही, हे चांगलेच. पण गावाने नाला साफ केला म्हणून तो उतरतही नाही. बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर-वडगावच्या भातात शिरते, तेव्हा गाळ, जलपर्णी आणि अतिक्रमण यांचा हिशेब कोणाच्याच खात्यावर मांडला जात नाही. केंद्र सरकारने पूरपट्ट्यासंबंधी नमुना विधेयक १९७५ सालीच राज्यांकडे धाडले. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड अशा मोजक्याच राज्यांनी कायदा केला. कर्नाटक त्यांत नाही.

विम्याऐवजी घरपट्टीतील सूट आणि पंचायतीचे अनुदान यांना ही प्रतवारी जोडता येईल. त्यासाठी आधी पाणी कोठवर येते हे दिसले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये घटप्रभा आणि मार्कंडेय नद्यांचे पाणी गोकाकमध्ये शिरले, ते पाहिलेली माणसे अजून आहेत. ती खूण दाखवतील, आणि उंची मोजायला आपल्या भूगोल विभागात डंपी लेव्हल आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना एखाद्या गल्लीसाठी पावसाळ्यापूर्वीचे दोन रविवार पुरतील.