मास्तरांचे पारपत्र

इंग्रजी शिकविण्यासाठी परदेशी जावे की न जावे, हा प्रश्न घेऊन हल्ली पुष्कळ तरुण मंडळी माझ्याकडे येतात. सांगली जिल्ह्यातल्या मराठी शाळांतून छत्तीस वर्षे मी इंग्रजी शिकविले, एवढेच माझे भांडवल. परदेशाचे तोंडही मी पाहिलेले नाही. तरी ही मुले मला विचारतात, कारण इतरांकडे दोनच उत्तरे तयार असतात. एक पक्ष म्हणतो, ‘पळ काढ, इथे काय ठेवले आहे?’ दुसरा पक्ष डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, ‘अरे, या मातीचे काही ऋण आहे की नाही?’ मला आज या दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे.

आधी ऋणवाल्यांचा समाचार घेऊ. २००० साली महाराष्ट्राने पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी सुरू केले. खेड्यापाड्यांतल्या पोरांना साहेबाची भाषा येणार म्हणून आपण केवढ्या टाळ्या पिटल्या! आणि ती शिकवायची कोणी? त्याच वर्षी आपल्याकडे ‘शिक्षणसेवक’ नावाचा एक नवा प्राणी जन्माला आला. पदवी शिक्षकाची, काम शिक्षकाचे, पण पहिली तीन वर्षे पगार नाही; मानधन! प्राथमिक शाळेतल्या या सेवकाच्या हातावर २०२३ पूर्वी महिन्याला सहा हजार रुपये टेकवले जात. न्यायालयाने कान उपटल्यावर ते सोळा हजार झाले. महाविद्यालयात पाहावे, तर तिथे एम.ए., नेट झालेली माणसे तासिका तत्त्वावर राबतात. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की हात रिकामे. विनाअनुदानित शाळांची कथा तर बोलूच नये. अनुदान येईल या आशेवर तिथे लोकांच्या तारुण्याची वर्षे विनावेतन गेली आहेत.

ज्याला तुम्ही पुरता शिक्षक म्हणायलाही तयार नाही, त्याला देशप्रेमाचा धडा कोणत्या तोंडाने देता? ज्यांची स्वतःची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, असे संस्थाचालक सत्काराच्या भाषणात मातीचे ऋण काढतात, तेव्हा मला हसावे की रडावे ते कळत नाही. ऋणच फेडायचे ना? मग आधी मास्तरांची थकबाकी फेडा!

आता ‘पळ काढ’ म्हणणारे. यांना वाटते, जगात इंग्रजी शिकणारे कोट्यवधी आहेत, तेव्हा आपला मास्तर विमानातून उतरला की लोक हार घेऊन उभेच असतील. त्यांनी दक्षिण कोरियाचे नियम जरूर वाचावेत. तिथे इंग्रजी शिकविण्याचा परवाना मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी कोणत्या विषयाची, याची फारशी चौकशी नाही. पारपत्र बरोबर असले म्हणजे झाले. भारताशी झालेला व्यापारविषयक करार २०१० साली लागू झाला, तेव्हा आपल्यासाठी एक खिडकी किलकिली झाली. पण अट काय? अध्यापनाची रीतसर अर्हता हवी आणि पद मात्र प्राथमिक-माध्यमिक शाळेतल्या ‘सहायक’ शिक्षकाचे. म्हणजे अट चढती आणि पाट उतरता!

या समजुतीचे मूळ जुने आहे. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे येथे राष्ट्रकुलातल्या इंग्रजीच्या अध्यापनावर परिषद भरली होती. जन्माने इंग्रजी बोलणारा तोच उत्तम शिक्षक, हा त्या परिषदेने दृढ केलेला समज म्हणजे निव्वळ भ्रम आहे, असे रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने १९९२ साली पुस्तक लिहून सांगितले. तरी भ्रम जिवंत आहे, कारण त्यावर अनेकांची दुकाने चालतात.

हा भ्रम कसा, ते मी माझ्या खडूच्या अनुभवाने सांगतो. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. कोरियन भाषेतही शेवटीच येते. आपण ‘घरात’, ‘घराला’ म्हणून शब्दाच्या मागे प्रत्यय लावतो. तेही तसेच करतात. इंग्रजीतल्या ‘अ’, ‘अँ’ आणि ‘द’ या उपपदांसारखे आपल्याकडे काही नाही, त्यांच्याकडेही नाही. मग ‘द’ कुठे घालावा आणि कुठे गाळावा, यावर कोरियन पोर अडखळते तेव्हा त्याच्या पायात काय रुतले आहे, हे मँचेस्टरच्या तरुणाला कळेल, की तर्खडकरांची भाषांतरमाला घोकून तीच वाट तुडवलेल्या मिरजेच्या मास्तरला? ज्याला भाषा आईच्या दुधाबरोबर मिळाली, त्याला ती येते. ज्याने ती कष्टाने मिळवली, त्याला ती कशी मिळवावी हेही ठाऊक असते. शिकवणे म्हणतात ते याला.

पण कोरियाला नावे ठेवण्याआधी आपण आरशात पाहावे. आपल्या शहरांतल्या इंग्रजी शाळा मुलाखतीला आलेल्या मुलीला पहिला प्रश्न विचारतात, ‘तुमचे स्वतःचे शिक्षण कोणत्या माध्यमातून?’ मराठी म्हटले की समोरच्यांचे चेहरे उतरतात. पालकही गुणांपेक्षा उच्चाराला भुलतात. तिकडे पारपत्र पाहतात, इकडे माध्यम. दोन्हीकडे मास्तरला फळ्यावर उभे करून पाहायचे मात्र कोणाला सुचत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो ते असे. जायचे असेल तर खुशाल जा. कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. पूर्वी आपले शिक्षक इथिओपियात गेले, भूतानच्या डोंगरांतल्या शाळांत गेले, ते शिक्षक म्हणून गेले आणि त्या मुलांनी त्यांना शिक्षक म्हणूनच मानले. तुम्हीही तसेच जा. करारपत्राची ओळ न् ओळ वाचा. पद कोणते, तास किती, परतीचे भाडे कोण देणार, हे लिहून घ्या. आपले पारपत्र मालकाच्या कपाटात ठेवू नका. आणि त्याच वर्गात, त्याच कामाला, केवळ जन्मभूमीमुळे शेजारच्याला दुप्पट पगार असेल, तर ती नोकरी नाकारा. पोटासाठी लांब जाण्यात कमीपणा नाही. आपल्या विद्येची अर्धी किंमत आपणच मान्य करण्यात आहे.

आणि राहणार असाल, तर भीतीने राहू नका, भाषणे ऐकून तर मुळीच राहू नका. राहा, आणि पूर्ण पगाराचे पद मागा.

वाचकहो, ही मुले गेली तर आपल्या गावातल्या पाचवीच्या वर्गात इंग्रजी कोण शिकविणार, ही चिंता तुम्हांला पडली असेल. पडलीच पाहिजे. पण तिचे उत्तर त्यांच्याकडे मागू नका. ते तुमच्या शाळेच्या हजेरीपत्रकाशेजारी ठेवलेल्या पगारपत्रकात आहे.