विश्लेषण : ‘टूल सापडत नाही’ ही सूचना तुम्हाला भलतीकडे का पाठवते?

सॉफ्टवेअर सोर्स कोडपासून तयार करणे म्हणजे ‘बिल्ड’ करणे. ते करताना मध्येच ‘अमुक टूल तुमच्या सिस्टिमवर नाही’ अशी सूचना येते आणि काम थांबते. बहुतेक जण लगेच ते टूल डाउनलोड करायला धावतात. टूल येते, बिल्ड मात्र अडलेलेच राहते. सूचना खोटी नसते. टूल खरोखरच नसते. पण बऱ्याचदा त्याची गरजही नसते, आणि हे सांगायला सूचना विसरते किंवा पुटपुटल्यासारखे सांगते.

नेमके काय होते?

लिनक्सवरचे अनेक जुने प्रकल्प जीएनयू ऑटोमेक वापरतात. त्यातली नेहमीची सूचना म्हणजे ‘एसीलोकल-१.१५ तुमच्या सिस्टिमवर नाही’. (मुंबईकरांनी गारेगार डब्याची आशा धरू नये, हा ऑटोमेकमधलाच एक छोटा प्रोग्रॅम आहे.) हे टूल प्रकल्प लिहिणाऱ्यांसाठी असते. त्याने तयार केलेल्या फाइल्स कोडसोबत आधीच दिलेल्या असतात. म्हणजे पीठ दळून घरात आलेले असते, आपल्याला फक्त पोळ्या करायच्या असतात.

मग गिरणी हवी कशाला? कारण ‘मेक’ हा प्रोग्रॅम फक्त तारखा पाहतो. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला, तेव्हापासून त्याचा नियम एकच : मूळ फाइल तयार फाइलपेक्षा नवी असेल, तर तयार फाइल पुन्हा बनवा. आता अडचण अशी की गिट फाइलमध्ये शेवटचा बदल कधी झाला ती वेळ जपत नाही. कोड उतरवून घेतला की प्रत्येक फाइलला ती डिस्कवर लिहिली गेली तीच वेळ मिळते. कोणती आधी, कोणती नंतर, हा नशिबाचा भाग. पेन ड्राइव्हवरून साधी कॉपी मारली तरी हेच होऊ शकते. गव्हाच्या पोत्यावरची तारीख पिठाच्या डब्यापेक्षा नवी दिसली की मेक गिरणीकडे निघतो, गिरणी सापडत नाही आणि तुम्हाला बातमी मिळते ती गिरणी नसल्याची. पीठ घरात आहे, हे कोणी बोलत नाही. तोच कोड मित्राच्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालतो आणि तुमच्याकडे अडतो, तो यामुळेच.

पुढचा गोंधळ आणखी वाईट. तुम्ही ऑटोमेक इन्स्टॉल करता, पण मिळते ती १.१६ आवृत्ती. मागणी १.१५ ची. सूचना पुन्हा तशीच! मग कोणीतरी सुचवते की नव्या टूलला जुने नाव देऊन फसवा. इथून पुढे सिस्टिम कशी बिघडते ते सांगायला नको.

पायथॉनवाल्यांचे काय?

कॉलेजातल्या मुलांना ऑटोमेकपेक्षा हा अनुभव जास्त येतो. विंडोजवर पिपने एखादे पॅकेज घेताना लाल अक्षरांत येते : मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० किंवा त्यापुढचे हवे. सोबत लिंकही असते. पॅकेज काही एमबींचे आणि हे बिल्ड टूल्स काही जीबींचे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा संपवून मुले ते उतरवतात. कित्येकदा खरे कारण एवढेच असते की कालपरवा आलेली पायथॉनची नवी आवृत्ती त्यांनी टाकलेली असते आणि त्या आवृत्तीसाठी पॅकेजची तयार प्रत, म्हणजे ‘व्हील’, अजून बनलेली नसते. तयार प्रत नाही म्हणून पिप गपचूप सोर्स कोड आणतो, तो कंपाइल करू पाहतो आणि कंपायलर नाही म्हणून ओरडतो. पायथॉन एक पायरी जुना घेतला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. ‘ओन्ली बायनरी’ हा पर्याय दिला तर पिप सोर्सच्या वाटेला जातच नाही, तयार प्रत नसल्याचे तिथेच कळते.

लिनक्सवर तर समोर दिसणारी फाइल चालवली तरी ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येऊ शकते. नसतो तो ती फाइल चालवणारा दुसरा प्रोग्रॅम. त्याचे नाव मात्र सूचनेत असेलच असे नाही.

दोष कोणाचा?

ऑटोमेकची सूचना देणाऱ्या स्क्रिप्टचे नावच ‘मिसिंग’ आहे. ‘अमुक फाइल्स बदलल्या असतील तरच हे टूल लागेल’ असे ती लिहिते, हे खरे. पण ती ओळ दुसरी असते, आणि घाबरलेला माणूस पहिलीच वाचतो. शिवाय त्याने काहीच बदललेले नसते. मग टूल मागितले का, याचे उत्तर त्याला मिळत नाही. पूर्वी ही स्क्रिप्ट टूल नसल्यास फाइलची तारीख पुढे ढकलून काम चालू ठेवायची. त्यात कोणी खरोखर केलेला बदल गपचूप गिळला जायचा, म्हणून ती सोय काढणे योग्यच होते. तिच्या जागी कारण सांगणारी ओळ यायला हवी होती.

‘स्क्रिप्टला कारण कळणार कसे’ हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. स्क्रिप्टला फक्त १२७ हा एक्झिट कोड दिसतो, मान्य. पण मेकला सगळे माहीत असते. ‘ट्रेस’ हा पर्याय दिला तर कोणती फाइल कोणत्या फाइलमुळे पुन्हा बनवायला घेतली, ते जीएनयू मेक सरळ छापतो. माहिती आहे, फक्त न मागता देत नाहीत. त्याची किंमत मोजतो तो नवशिका. इंग्रजी सूचनेपुढे बिचकून तो इंटरनेटवरची पहिली कमांड ‘सुडो’ लावून चिकटवतो, आणि तेही चालले नाही की ‘आपल्याला कोडिंग जमत नाही’ असे ठरवून मोकळा होतो.

म्हणून काही इन्स्टॉल करण्याआधी ‘मेक’ला ‘ट्रेस’ लावून पाहा. तुम्ही हात न लावलेली फाइल तिथे दिसली तर भानगड तारखांची आहे. ‘टच’ कमांडने तयार फाइल्सच्या वेळा योग्य क्रमाने पुढे आणा, किंवा गिटऐवजी प्रकल्पाने प्रसिद्ध केलेली कॉम्प्रेस्ड प्रत घ्या. ती उघडताना फाइल्सच्या मूळ वेळा सहसा टिकून राहतात.