टग नदीच्या दोन तीरांवरील वैर

भाऊबंदकीतून उभे राहिलेले कज्जे आपल्या समाजाला अपरिचित नाहीत. एकाच पेढीवर बसणारी दोन घरे दहा वर्षांनी परस्परांच्या लग्नकार्यालाही जात नाहीत, असे प्रसंग प्रत्येक गावात सापडतात. सुदैवाने आपल्याकडील बहुतेक भांडणे कोर्टाच्या पायरीवर थांबतात. जेथे ती तेथे थांबली नाहीत, अशा एका परमुलखातील हकिकतीचा विचार या वेळी वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

अमेरिकेच्या दक्षिण भागातील ॲपालेशियन पर्वतराजीत टग फोर्क नावाची एक लहान नदी वाहते. तिच्या एका तीरावर केंटकी राज्याचा पाईक परगणा आणि दुसऱ्या तीरावर त्या काळी वेस्ट व्हर्जिनियाचा लोगन परगणा होता. एकोणिसाव्या शतकात या दऱ्यांतून मका पिकवावा, रानात मोकळी डुकरे पाळावीत, लाकूड तोडून नदीतून खाली सोडावे, असा तेथील लोकांचा साधा जीवनक्रम होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूस अँडरसन हॅटफील्ड हा कुटुंबप्रमुख राहत असे; लोक त्याला ‘डेव्हिल ॲन्स’ म्हणत. केंटकीच्या बाजूस रँडॉल्फ मॅकॉय. दोन्ही घराण्यांत सोयरिकी होत्या, व्यवहार होता, येणे-जाणे होते. नदी ही राज्यांची सीमा होती, माणसांची नव्हती.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात या भागातील बहुतेक पुरुष दक्षिणेच्या बाजूने लढले. रँडॉल्फचा भाऊ एसा हार्मन मॅकॉय मात्र उत्तरेच्या सैन्यात गेला. जानेवारी १८६५ मध्ये तो घरी परतल्यावर त्याचा खून झाला. संशय हॅटफील्ड पक्षाच्या जिम व्हान्सवर होता. परंतु कोणालाही शिक्षा झाली नाही. आपला भाऊ उत्तरेकडे गेला ही गोष्ट मॅकॉयांच्या घरातही अनेकांना रुचलेली नव्हती, म्हणून त्या वेळी कोणी फारसा आवाज उठविला नाही. वैराची पहिली नोंद अशी निमूटपणे पडली.

पुढे १८७८ मध्ये एका डुकरावरून तंटा झाला. रँडॉल्फचे म्हणणे, फ्लॉइड हॅटफील्डच्या खुराड्यातील डुक्कर माझे आहे. त्या मुलखात मोकळ्या जनावरांच्या कानांना खाचा पाडून मालकीची खूण करीत. त्या खुणेवर सारा वाद होता. खटला चालविणारा न्यायदंडाधिकारी हॅटफील्ड घराण्यातीलच एक धर्मोपदेशक होता. त्याने न्याय दिसावा म्हणून सहा हॅटफील्ड व सहा मॅकॉय असे बारा पंच नेमले. यावरून तो मनुष्य अविचारी नव्हता हे दिसते. सेलकर्क मॅकॉय नावाच्या पंचाने आपल्या आडनावाच्या विरुद्ध मत दिले आणि निकाल फ्लॉइडच्या बाजूने लागला. हा सेलकर्क डेव्हिल ॲन्सच्या लाकूडतोडीच्या धंद्यात कामाला होता, हे येथे ध्यानात घ्यावे. त्याचे मत कदाचित प्रामाणिकही असेल; पण ज्याच्या मजुरीवर घर चालते त्याच्या बाजूने दिलेला कौल हरलेल्या पक्षाला कसा पटावा? दोन वर्षांनी या खटल्यातील साक्षीदार बिल स्टेटन याला मॅकॉय घराण्यातील दोघा भावांनी ठार केले. न्यायालयाने तो स्वसंरक्षणाचा प्रकार मानून आरोपी सोडून दिला.

खरा अनर्थ ७ ऑगस्ट १८८२ रोजी घडला. तो निवडणुकीचा दिवस होता. मतदानासाठी दोन्हीकडची माणसे जमली होती आणि दारूही वाहत होती. एका फिडलच्या राहिलेल्या पैशावरून बोलाचाली सुरू झाली, असे सांगतात. रक्कम दोन डॉलरच्याही आतली. त्या झटापटीत रँडॉल्फच्या तीन मुलांनी, टॉल्बर्ट, फार्मर व बड यांनी, डेव्हिल ॲन्सचा भाऊ एलिसन याला सुऱ्यांनी भोसकले व वर गोळी घातली. तिघांना पकडून पाईकव्हिलच्या तुरुंगाकडे नेण्यात येत होते. म्हणजे कायद्याने आपले पाऊल उचलले होते. परंतु डेव्हिल ॲन्सने वाटेतच त्यांना ताब्यात घेतले आणि नदीपलीकडे नेऊन ठेवले. त्यांची आई सॅरा मुलांच्या जिवाची भीक मागावयास तेथवर गेली. एलिसन जगला तर मुले वाचणार होती. ९ ऑगस्टला एलिसन मरण पावला. त्याच दिवशी तिघांना पुन्हा केंटकीच्या तीरावर आणून झुडपांना बांधले आणि गोळ्या घालून मारले. धाकटा बड तर अजून पोरवयातच होता.

पाईक परगण्याच्या न्यायालयाने वीस जणांवर खुनाचे आरोप ठेवले. पण नदी ओलांडून त्यांना पकडण्यास कोणी धजला नाही. यानंतर सुमारे पाच वर्षे मोठा रक्तपात झाला नाही. दोन्ही तीरांवर शेती झाली, लाकूड वाहिले, लग्ने झाली. ‘डोंगरातील रानटी लोक, खून त्यांच्या रक्तातच’, असे त्या काळच्या शहरी वर्तमानपत्रांनी लिहिले. ही पाच वर्षे त्या लिखाणाला खोटे पाडतात.

मग आग पुन्हा कोणी फुंकली? इतिहासकार अल्टिना वॉलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या कागदपत्रांत शोधले आहे. पेरी क्लाईन हा मॅकॉयांशी नाते असलेला गृहस्थ. त्याच्या वाडवडिलांची सुमारे ५,००० एकर जंगलजमीन १८७० च्या दशकात एका दाव्यात डेव्हिल ॲन्सकडे गेली होती. क्लाईन पुढे पाईकव्हिलमध्ये वकील झाला, राजकारणात वजन मिळविले. १८८७ मध्ये त्याने केंटकीचे गव्हर्नर सायमन बकनर यांच्याकडून जुने खटले पुन्हा जिवंत करविले आणि आरोपींवर इनामे लावविली. तोपर्यंत या दऱ्यांतील कोळसा व लाकूड यांवर मोठ्या भांडवलदारांची नजर गेली होती, रेल्वे येऊ घातली होती, आणि पडीक समजल्या गेलेल्या जमिनीला किंमत येत होती. तीन पोरांच्या खुनाचा न्याय मागणे योग्यच होते. रँडॉल्फ व सॅरा यांचे दुःख खरे होते. पण त्या दुःखाचा वकील आपलाही जुना हिशेब बगलेत घेऊन आला होता.

परिणाम भयंकर झाला. खटला चालला तर फास ठरलेला, म्हणून फिर्यादीच नाहीसा करावा, अशा बुद्धीने १ जानेवारी १८८८ च्या रात्री हॅटफील्ड पक्षाने रँडॉल्फचे घर वेढले व पेटविले. मुलगी ॲलिफेअर व मुलगा कॅल्विन मारले गेले. सॅराला मरणप्राय मारहाण झाली. रँडॉल्फ अंधारात निसटला. त्यानंतर फ्रँक फिलिप्स याच्या टोळीने नदी ओलांडून जिम व्हान्सला ठार केले आणि नऊ जणांना पकडून केंटकीत आणले. वेस्ट व्हर्जिनियाने तक्रार केली की ही तर पळवापळवी आहे. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १८८८ मध्ये न्यायालयाने बहुमताने ठरविले की आरोपी बेकायदा रीतीने आणला गेला असला तरी त्याच्यावर खटला चालू शकतो.

शेवटी अनेकांना जन्मठेप झाली. डेव्हिल ॲन्सचा वडील भाऊ तुरुंगातच वारला. फाशी मात्र एकालाच झाली: १८ फेब्रुवारी १८९० रोजी, पाईकव्हिल येथे, एलिसन माऊंट्स याला. तो मारल्या गेलेल्या एलिसन हॅटफील्डचा अनौरस पुत्र समजला जाई, आणि मंदबुद्धीचा होता असे म्हणतात. त्याने गुन्हा कबूल केला होता. ज्याच्या हुकमाने माणसे चालत होती त्या डेव्हिल ॲन्सवर कधी खटला उभा राहिला नाही. वादाची ती जमीन विकून तो आतल्या भागात राहावयास गेला व १९२१ मध्ये वृद्धापकाळी आजाराने मरण पावला. रँडॉल्फ १९१४ मध्ये वारला. १८९२ पर्यंत रेल्वे त्या दरीत पोहोचली. कोळसा निघाला, आणि त्याचा नफा दोन्ही घराण्यांना सोडून बाहेरच्या कंपन्यांकडे गेला. सुमारे बारा जीव गेले ते गेलेच.

जून २००३ मध्ये दोन्ही घराण्यांच्या वंशजांनी पाईकव्हिल येथे सलोख्याच्या लेखावर सह्या केल्या. हत्यारे तर शतकापूर्वीच खाली ठेवलेली होती. मग हा कागद कशासाठी, असे कोणी विचारील. व्यापारी माणसाला हा प्रश्न पडू नये. रक्कम चुकती झाली तरी फारखती लिहून घेतल्यावाचून खाते मिटत नाही, हे आपण जाणतो.

या हकिकतीत प्रत्येक टप्प्यावर वैर थांबविता आले असते. १८६५ मधील खुनाची चौकशी झाली असती, डुकराच्या खटल्यात दोन्ही पक्षांपासून अलिप्त असा पंच मिळाला असता, १८८२ मध्ये तिघे भाऊ तुरुंगापर्यंत पोहोचले असते, तर पुढचे मृत्यू टळले असते. आपल्या घरांतही वाटणीचे, भागीदारीचे, तोंडी दिलेल्या शब्दांचे असे अर्धवट व्यवहार पडून असतात. ज्या वडीलधाऱ्यांना त्यांतील खरे-खोटे ठाऊक आहे, ते हयात आहेत तोवरच ते बोलून, लिहून पुरे करावेत. पंच नेमताना तो आपल्या बाजूचा आहे का, हे पाहू नये. कोणाच्याच उपकाराखाली नसलेला शोधावा. आणि आपल्या दुःखाची कैफियत घेऊन जो फार उत्साहाने पुढे येतो, त्याचे स्वतःचे येणे किती आहे, हे आधी विचारून घ्यावे.