थंडीचे पाहुणे गणपतीतच येतात

मंडळी, ठाणे खाडीवर फ्लेमिंगो उतरले की पेपरात फोटो येतात आणि आपण म्हणतो, आले पाहुणे पक्षी! तोवर नोव्हेंबर-डिसेंबर उजाडलेला असतो. खरे पहिले पाहुणे गणपतीच्या आसपासच आपल्या परसात येऊन बसलेले असतात.

सगळ्यात आधी बघा करड्या धोब्याला. पाठ राखाडी, शेपटीखाली पिवळा, शेपूट सारखी वरखाली. न्हाणीच्या पाण्याजवळ, ओल्या मातीवर, भाताच्या बांधावर फिरतो. दिसायच्या आधी ऐकू येतो, कडक 'चिट्-चिट्'. उल्हास-काळूच्या काठचा काळा-पांढरा मोठा धोबी वेगळा, तो बारमाही इथलाच. सप्टेंबरातच आंब्याच्या शेंड्यात बोटाएवढा हिरवट वटवट्या वळवळायला लागतो, हळद्याची शीळ ऐकू येते.

लोक म्हणतात, अंगाला घामाच्या धारा, थंडी कुठाय? अहो, ते इथल्या थंडीची वाट बघतच नाहीत. तिकडे हिमालयात, त्याच्याही पलीकडे, दिवस लहान व्हायला लागला की निघतात. गणपतीचा हिशेब चंद्रावर. 2023 ला 19 सप्टेंबरला आले, 2025 ला 27 ऑगस्टला. धोब्याचा हिशेब सूर्यावर. म्हणून कधी बाप्पा आधी, तर कधी धोबी.

आता माझं म्हणणं. नेमक्या याच दिवसांत आपण सणासाठी अंगण 'स्वच्छ' करतो. गवतावर तणनाशक, पाल्याला काडी, ओल्या मातीवर पेव्हर ब्लॉक. एवढं अंतर उडून आलेल्या पाखराला पहिल्या दिवशी किडे लागतात, आणि ते असतात त्याच गवतात नि पाल्यात. ठाणे खाडीला 2015 ला अभयारण्य केलं, 2022 ला रामसरचा दर्जा मिळाला, चांगलंच झालं. पण धोब्याला कुठलं अभयारण्य? कल्याण-डोंबिवलीकडची भातशेती बिल्डिंगीखाली गेली. त्याला उरलं आपलं परस, नाहीतर सोसायटीची बाग.

म्हणून एवढं करा. एक कोपरा तसाच राहू द्या, पाला कुजू द्या. बांधाचं गवत विळ्याने कापा, औषध मारू नका. भातावर फवारा कीड बघून मारा, शेजाऱ्याने मारला म्हणून नको. तो धोबीसुद्धा किडेच वेचतोय, मजुरी न घेता.

आणि पहिला दिसला की कॅलेंडरवर खूण करा. पुढच्या वर्षी ताडून बघता येईल.